शवासन, श्वास आणि रक्तदाबाची गोळी

माणसाचा रक्तदाब दिवसभर एका जागी राहत नाही. जिना चढताना तो वाढतो, गाढ झोपेत उतरतो, साहेबांचे बोलावणे आले की पुन्हा वर जातो. हे चढउतार निरोगी शरीराचेच लक्षण आहे. पण स्वस्थ बसलेल्या प्रौढाचा दाब वेगवेगळ्या दिवशी मोजूनही वरचा १४० किंवा खालचा ९० मिलिमीटर किंवा त्याहून जास्तच भरत असेल, तर तो उच्च रक्तदाब. अमेरिकेतील हृदयरोग संस्थांनी २०१७ मध्ये ही रेषा १३०/८० वर आणली. भारतातील सरकारी कार्यक्रमात १४०/९० हीच पाळली जाते. २०१९ ते २१ या काळातल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात पंधरा वर्षांवरील पुरुषांपैकी २४ टक्के आणि स्त्रियांपैकी २१.३ टक्के उच्च रक्तदाबाच्या गटात आले.

या विकाराची अडचण अशी, की तो बहुधा दुखत नाही. डोके जड होणे, चक्कर येणे ही लोकांनी ठरवलेली लक्षणे अनेक रुग्णांत नसतात आणि असली तरी त्यांचे कारण दुसरेच निघते. दुखत नसलेल्या गोष्टीसाठी जन्मभर गोळी घ्यायची, हे मनाला पटत नाही. म्हणून विकाराचे निदान झाल्यावर पहिल्याच आठवड्यात कोणीतरी प्राणायाम सुचवतो, कोणी विपश्यनेचे नाव काढतो, कोणी मोबाइलवरची योगनिद्रा पाठवतो. छत्रपती संभाजीनगरात पहाटे सिद्धार्थ उद्यानात किंवा विद्यापीठाच्या परिसरात फिरायला येणाऱ्यांत ‘बीपीसाठी’ कपालभाती करणारे सहज भेटतात. आसने, प्राणायाम, शवासन, ध्यान, स्नायू सैल सोडण्याचे शिक्षण, बायोफीडबॅक, ताई ची अशा सगळ्या प्रकारांना वैद्यकात मन-शरीर उपचार म्हणतात. मन शांत करण्याच्या वाटेने शरीराच्या कामात फरक घडवायचा, हा त्यांचा समान हेतू. त्यांपैकी कशाने दाब उतरतो, किती उतरतो आणि तो उतार खरा की भासमान, याचा शोध जगात जिथे लवकर सुरू झाला त्या ठिकाणांत महाराष्ट्राचा क्रम बराच वरचा आहे.

जगन्नाथ गणेश गुणे, म्हणजेच स्वामी कुवलयानंद, यांनी १९२४ मध्ये लोणावळ्याला कैवल्यधाम स्थापन केले आणि त्याच वर्षी ‘योगमीमांसा’ हे त्रैमासिक काढले. योगाची महती सांगणारे तेव्हाही कमी नव्हते. कुवलयानंदांचे वेगळेपण हे, की त्यांनी आसनस्थ माणसाच्या दंडाला रक्तदाबाचा पट्टा बांधला. सर्वांगासनात आणि मत्स्यासनात दाब कसा बदलतो, याच्या नोंदी ‘योगमीमांसे’च्या सुरुवातीच्या खंडांतच छापल्या आहेत. हे प्रयोग निरोगी साधकांवरचे होते. रोग बरा होतो असा दावा त्यांच्यातून निघत नव्हता. पण योगाबद्दलचे विधान मोजून तपासता येते आणि तपासावे, ही सवय त्यांनी लावली. पुढे त्यांनी डॉ. एस. एल. विणेकर यांच्यासह योगचिकित्सेच्या मूलतत्त्वांवर इंग्रजीत पुस्तक लिहिले. ते १९६३ मध्ये केंद्र सरकारच्या आरोग्य मंत्रालयाने प्रसिद्ध केले.

याच विणेकरांचे नाव १९६९ मध्ये एका वैद्यकीय निबंधावर दिसते. मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयातील हृदयरोगतज्ज्ञ डॉ. के. के. दाते, त्यांचे सहकारी देशमुख आणि दळवी, आणि विणेकर अशा चौघांनी ‘अँजिऑलॉजी’ या अमेरिकी नियतकालिकात उच्च रक्तदाबावर शवासनाचा उपयोग मांडला. त्या काळी रक्तदाबाची औषधे मोजकी होती आणि त्रासदायकही. सर्पगंधेपासून आलेल्या रेसर्पिनने काही रुग्णांना खिन्नता येई. ग्वानेथिडिन घेणारा खुर्चीतून उठला की डोळ्यांपुढे अंधारी येई. सर्पगंधा जगभरच्या डॉक्टरांच्या नजरेत आणली तीही मुंबईच्याच डॉ. रुस्तम जाल वकील यांनी, १९४९ मधल्या ब्रिटिश हार्ट जर्नलमधील लेखाने. वीस वर्षांच्या अंतराने एकाच शहरातून एक औषध आणि एक आसन जगाच्या वैद्यकात गेले.

दात्यांच्या अभ्यासात ४७ रुग्ण होते आणि त्यांचे सरासरी वय ४६. शवासनाचे वर्णन हठप्रदीपिकेतही आहे, पण रुग्णालयात शिकवायचे तर कृती नेमकी हवी. रुग्णाने उताणे पडायचे, पाय एकमेकांपासून सुमारे ३० अंशांवर, हात धडापासून १५ अंशांवर, बोटे किंचित मिटलेली, पापण्या अलगद मिटलेल्या. मग पोटाने संथ श्वास. श्वास घेतल्यावर थोडा विराम, सोडल्यावर त्याहून लांब विराम. ही लय जमली की लक्ष नाकपुड्यांशी आणायचे : आत येणारी हवा गार लागते, बाहेर जाणारी कोमट. रोज अर्धा तास. बहुतेकांना हे नीट जमायला सुमारे तीन आठवडे लागले. ‘शवासन म्हणजे काय, पडून राहायचे’ असे म्हणणाऱ्यांनी हा आकडा लक्षात ठेवण्याजोगा आहे.

रुग्णांचे तीन गट होते. पहिल्या गटातले दहा जण कोणतेही औषध घेत नव्हते. त्यांच्या दाबाची सरासरी १३४ वरून १०७ वर आली. येथे सरासरी म्हणजे वरच्या आणि खालच्या दाबातून काढलेली मध्यमान किंमत. १८०/१११ असा दाब असेल तर ती १३४ येते आणि १४०/९० असेल तर १०७. उतार मोठाच म्हणायचा. दुसऱ्या गटातल्या बावीस जणांचा दाब औषधांनी आधीच काबूत होता. त्यांचा आकडा फारसा हलला नाही, १०२ चा १०० झाला. पण त्यांपैकी तेरा जणांची औषधाची गरज मूळच्या सुमारे एकतृतीयांशावर उतरली. तिसरा गट औषध घेऊनही दाब न उतरणाऱ्या पंधरा जणांचा होता. त्यांची सरासरी १२० वरून ११० वर आली. ज्या दिवसांत गोळीचे दुष्परिणाम रुग्णाला गोळीपासून पळवून लावत, त्या दिवसांत दुसऱ्या गटाचा निकाल डॉक्टरांना पहिल्या गटापेक्षा जास्त मोलाचा वाटला असेल तर नवल नाही. औषध सोडून द्या, असे त्या निबंधाने म्हटले नव्हते. दाब तोच ठेवून औषध कमी करता येते, असे त्याने दाखवले.

या अभ्यासातली उणीवही उघड आहे. शवासन न करणारा, पण तितक्याच वेळा दवाखान्यात येऊन दाब मोजून घेणारा गट त्यात नव्हता. आणि रक्तदाबाच्या बाबतीत ही उणीव किरकोळ नाही. पहिल्या भेटीत डॉक्टरच्या धास्तीने चढलेला दाब चौथ्या-पाचव्या भेटीत सरावाने उतरतो. शिवाय दाब फार वाढलेला सापडला म्हणूनच ज्यांना अभ्यासात घेतले, त्यांचा पुढचा आकडा काही न करताही थोडा खाली येण्याचीच शक्यता जास्त. कोणत्याही आसनाच्या, काढ्याच्या किंवा अंगठीच्या नावावर हा उतार जमा होऊ शकतो.

ही उणीव भरून काढण्याचे काम लंडनजवळच्या क्रॉयडन येथे भारतीय वंशाच्या डॉक्टर चंद्रा पटेल यांनी केले. त्या सामान्य वैद्यक व्यवसाय करणाऱ्या डॉक्टर होत्या; मोठे रुग्णालय त्यांच्या पाठीशी नव्हते. १९७३ मध्ये त्यांनी शवासनासारखी शिथिलता, ध्यान आणि बायोफीडबॅक यांच्या मिश्रणाचा पहिला अहवाल ‘लॅन्सेट’मध्ये दिला. १९७५ मध्ये त्यांनी आणि नॉर्थ यांनी ३४ रुग्णांची चिठ्ठ्या टाकल्यागत दोन गटांत विभागणी केली. एकाला शिथिलतेचे शिक्षण, दुसऱ्याला तेवढ्याच वेळा बोलावून नुसती विश्रांती. पहिल्या गटाचा दाब १६८/१०० वरून १४१/८४ वर आला. दुसऱ्याचा १६९/१०१ वरून १६०/९६. नंतर दुसऱ्या गटालाही तेच शिक्षण दिल्यावर त्यांचाही दाब तसाच उतरला. नुसत्या येण्याजाण्याने आणि पडून राहण्याने वरचा दाब ९ मिलिमीटर उतरतो, हे या अभ्यासाने आकड्यात सांगितले. त्यापलीकडचा उतार शिक्षणाचा.

हा उतार घडतो कसा? मानेतील धमनीच्या फाट्याशी आणि हृदयातून निघणाऱ्या महाधमनीच्या कमानीत दाब ओळखणाऱ्या मज्जातंतूंची टोके असतात. भिंत ताणली की ती मेंदूच्या तळाशी खबर देतात, तिथून हृदयाची गती कमी करण्याचा आणि रक्तवाहिन्या सैल करण्याचा हुकूम सुटतो. क्षणाक्षणाला चालणारी ही दुरुस्ती उच्च रक्तदाबात मंदावलेली असते आणि चढलेल्या पातळीलाच ती सामान्य मानू लागते. एरवी माणूस मिनिटाला बारा ते अठरा श्वास घेतो. हा वेग सहाच्या आसपास आला, म्हणजे एक श्वासोच्छ्वास दहा सेकंदांचा झाला, की श्वासाची लय आणि रक्तदाबाची स्वतःची दहा सेकंदांची लाट एकमेकांवर बसतात आणि दुरुस्तीची यंत्रणा अधिक तत्पर होते. २००५ मध्ये ‘हायपरटेन्शन’ या नियतकालिकात आलेल्या प्रयोगात मिनिटाला सहा श्वासांनी रुग्णांचा सरासरी दाब १४९.७/८२.७ वरून १४१.१/७७.८ वर आला. हा परिणाम त्या बैठकीपुरता होता. महिनोन्‌महिने टिकतो की नाही हा प्रश्न वेगळा.

याच विषयावर इटलीतील बर्नार्डी आणि सहकाऱ्यांचा २००१ मधला अभ्यास वाचनीय आहे. तेवीस निरोगी माणसांना त्यांनी एकदा लॅटिनमधून जपमाळेची ख्रिस्ती प्रार्थना म्हणायला लावली, एकदा ‘ॐ मणि पद्मे हुं’ हा मंत्र. दोन्हींत श्वास आपोआप मिनिटाला सहाच्या घरात आला आणि दाब सांभाळणारी यंत्रणा सुधारली. वारकऱ्याचा संथ लयीतला नामजप तपासला तर वेगळे काही निघेल असे वाटत नाही, मात्र टाळ-मृदंगाच्या द्रुत लयीला हे गणित लागू होणार नाही. मंत्राचा अर्थ श्रद्धेचा विषय आहे. दाबाशी संबंध त्याच्या लांबीचा आणि लयीचा.

आसने आणि श्वसन यांतले नेमके काय उपयोगी, याचे उत्तर बऱ्याच योगवर्गांना रुचणारे नाही. जर्मनीत क्रामर आणि सहकाऱ्यांनी ७५ रुग्णांचे तीन गट केले : आसनांसह योग, आसनांविना फक्त श्वसन-ध्यान-शिथिलता, आणि नेहमीचेच उपचार. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निकालात बारा आठवड्यांनंतर चोवीस तासांचा वरचा दाब आसनांविना योग करणाऱ्यांत अधिक उतरलेला दिसला. आसनांच्या गटाला फरक दिसायला पुढचे काही महिने लागले. आसने निरुपयोगी आहेत असा याचा अर्थ नाही. गुडघे दुखतात म्हणून योगवर्गाला न जाणाऱ्या साठीच्या माणसाला मात्र यातून हे कळते, की दाबासाठी त्याला खुर्चीत बसूनही पुष्कळ करता येईल.

ध्यानाची कहाणी जास्त गुंतागुंतीची. महर्षी महेश योगींच्या भावातीत ध्यानावर अमेरिकेत पुष्कळ काम झाले. १९९५ मधल्या ओकलंड येथील अभ्यासात १२७ वृद्ध कृष्णवर्णीय रुग्णांत ध्यानाने दाब १०.७/६.४ मिलिमीटरने उतरला, स्नायू शिथिल करण्याच्या पद्धतीने ४.७/३.३ ने. निकाल ठसठशीत आहे. पण या कामातील अनेक संशोधक त्याच संप्रदायाने काढलेल्या विद्यापीठातले होते, हे वाचकाने विसरू नये. बौद्ध परंपरेतील सजगतेच्या ध्यानावर बेतलेला आठ आठवड्यांचा अभ्यासक्रम जॉन कबाट-झिन यांनी १९७९ मध्ये मॅसॅच्युसेट्समध्ये सुरू केला. टोरांटोत औषध न घेणाऱ्या १०१ रुग्णांवर तो तपासला गेला. दंडाला दिवसरात्र यंत्र बांधून घेतलेल्या मोजमापात दाब काही उतरला नाही. उलट २०२३ मध्ये अमेरिकेतील २०१ जणांच्या अभ्यासात हेच ध्यान आहार, व्यायाम आणि गोळ्यांच्या शिस्तीशी जोडले, तेव्हा सहा महिन्यांनी वरचा दाब दुसऱ्या गटापेक्षा साधारण साडेचार मिलिमीटरने जास्त उतरला. दोन निकाल शेजारी ठेवले की अंदाज येतो : ध्यान थेट दाब उतरवते यापेक्षा ते माणसाला मीठ, दारू आणि चुकवलेली गोळी यांकडे लक्ष द्यायला शिकवते, हा त्याचा मोठा गुण असावा. इगतपुरीचे धम्मगिरी किंवा संभाजीनगरचे धम्म अजंठा येथील विपश्यनेचे दहा दिवसांचे शिबिर हे साधनेसाठी आहे, रक्तदाबाचा उपचार म्हणून नाही. तिथे जाणाऱ्या रुग्णाने गोळ्यांची पिशवी घरी ठेवून जाऊ नये.

बायोफीडबॅकमध्ये यंत्रावरचे आकडे बघत त्वचेचे तापमान वाढवायला किंवा स्नायूंचा ताण कमी करायला शिकतात. दात्यांनीही १९८० मध्ये मुंबईत या पद्धतीचा अनुभव मांडला. यंत्र महाग, शिकवणारे थोडे, म्हणून ते फार पसरले नाही. ताई ची या चिनी संथ व्यायामाचा बीजिंगमध्ये ३४२ प्रौढांवर वर्षभर अभ्यास झाला. दाब सीमारेषेवर असलेल्या या लोकांत वरचा दाब ताई चीने सुमारे ७, तर भरभर चालणे-धावणे अशा व्यायामाने ४.६ मिलिमीटरने उतरला.

सगळे अभ्यास एकत्र करून पाहणाऱ्यांचा सूर सावध आहे. कॉक्रेन संस्थेने २००८ मध्ये शिथिलतेच्या २५ चाचण्या एकत्र केल्या. सरासरी उतार ५.५/३.५ मिलिमीटर निघाला, पण ज्या चाचण्यांत दुसऱ्या गटालाही खोटे का होईना काही शिक्षण दिले होते, तिथे फरक लहान आणि खात्री न देणारा निघाला. अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०१३ मध्ये यंत्राच्या सुरांवर संथ श्वास घेण्याला बरा दर्जा दिला, भावातीत ध्यानाला आणि बायोफीडबॅकला त्याखालचा, आणि इतर ध्यानप्रकार व योग यांची रक्तदाबासाठी शिफारस करण्याइतका पुरावा नाही असे म्हटले. चालणे-धावणे यांसारख्या व्यायामाला मात्र सर्वांत वरचा दर्जा मिळाला. योगप्रेमींना हे अन्यायाचे वाटते. तरी खरी गोष्ट ही, की योगावरचे बहुतेक अभ्यास लहान, अल्पकाळाचे आणि सैल रचनेचे आहेत. दोष योगाचा नसून तो तपासण्यात झालेल्या आळसाचा आहे, आणि या आळसात योगाच्या मायभूमीचा वाटा थोडा नाही.

पाच मिलिमीटर म्हणजे काहीच नाही, असेही नव्हे. औषधांच्या मोठ्या चाचण्या एकत्र करून २०२१ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या विश्लेषणानुसार वरचा दाब ५ मिलिमीटरने उतरला की हृदयविकाराचा झटका, पक्षाघात यांसारख्या घटना सुमारे दहा टक्क्यांनी घटतात. तेव्हा १४४ असलेल्या माणसाला संथ श्वसन, चालणे आणि ताटातले मीठ कमी करणे मिळून रेषेच्या आत आणू शकतात. १८० असलेल्या माणसाला आणू शकत नाहीत, आणि तोच माणूस बहुधा प्राणायामावर भिस्त ठेवून गोळी टाळत असतो. लोणचे, पापड आणि ठेचा तसाच ठेवून, तंबाखूची पुडी खिशात ठेवून केलेल्या अनुलोम-विलोमाकडूनही फार अपेक्षा करू नये. संभाजीनगरजवळच्या वाळूज किंवा शेंद्र्याच्या कारखान्यांत पाळ्या बदलणाऱ्या कामगाराची झोप आधी नीट झाली पाहिजे. मोडलेल्या झोपेवर शवासनाचे ठिगळ पुरत नाही.

करायचे कसे, याबाबत दाते यांची कृती आजही पुरेशी आहे. रोज पंधरा ते तीस मिनिटे, जेवणानंतर लगेच नाही, श्वास सोडणे घेण्यापेक्षा लांब, ओढाताण नाही. झोप लागली तर ती झोपच झाली. दाब काबूत नसलेल्यांनी शीर्षासन, श्वास कोंडून धरण्याचे कुंभक, भस्त्रिका आणि जोरकस कपालभाती टाळावी. काचबिंदू असणाऱ्यांनी डोके खाली जाणारी आसने करूच नयेत, कारण शीर्षासनात डोळ्यातला दाब दुपटीच्या घरात जातो. छातीत दुखणे, बोलणे अडखळणे, एका बाजूचा हात लुळा पडणे अशा वेळी श्वसनात एक मिनिटही न घालवता संभाजीनगरच्या घाटी रुग्णालयाचा किंवा जवळचा अपघात विभाग गाठावा.

उपाय लागू पडतो आहे का, हे ‘हलके वाटते’ यावरून ठरत नाही. मन हलके आणि दाब चढलेला, असे पुष्कळदा असते. दंडाला बांधायच्या यंत्राने, पाच मिनिटे स्वस्थ बसून, पाठ टेकून, दंड हृदयाच्या पातळीत ठेवून, चहा-तंबाखूनंतर अर्धा तास जाऊ देऊन, सकाळ-संध्याकाळ मोजावे आणि वहीत लिहावे. शवासनातून उठल्या उठल्या घेतलेला आकडा मनाला सुखावतो, पण तो उपचाराचे माप नव्हे. २०१७ मध्ये सुरू झालेल्या भारतीय उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रमात महाराष्ट्रातले पहिले जिल्हे सातारा, सिंधुदुर्ग, भंडारा आणि वर्धा होते. तिथे परिणामकारक ठरल्या त्या साध्या गोष्टी : ठरलेली स्वस्त गोळी, ती जवळच्या केंद्रात मिळणे आणि न आलेल्या रुग्णाला पुन्हा बोलावणे. रक्तदाबावरची ॲम्लोडिपिनची गोळी सरकारी केंद्रात मोफत मिळते. ती चालू ठेवून शवासन सुरू करावे, सहा-आठ आठवड्यांच्या नोंदींची वही डॉक्टरांपुढे ठेवावी, आणि गोळी कमी करायची की नाही ते त्यांनाच ठरवू द्यावे.